वाचक विचारतात : कँडीच्या बागेतून ब्रह्मदेशची लढाई

मागच्या अंकात कोहिमाच्या लढाईवर लिहिताना ‘माउंटबॅटनच्या हेडक्वार्टरने ऐनवेळी विमानं मिळवून दिली’ असं एक वाक्य टाकून मी पुढे गेलो होतो, आणि सगळ्यात जास्त प्रश्न नेमके त्याच वाक्यावर आले. हे हेडक्वार्टर कुठलं, कोणाचं, आणि लढाई मणिपूरला चाललेली असताना ते सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, काय करत होतं, असे. म्हणून यावेळचा सगळा कॉलम त्यालाच दिलाय. सारख्या सारख्या प्रश्नांचा एक प्रश्न केलाय आणि नावं गाळलीत.

प्रश्न : पणजोबा ब्रह्मदेशच्या लढाईत होते. त्यांच्या ट्रंकेत दोन कापडी बिल्ले सापडले. एकावर लाल-काळी ढाल आणि पांढरी तलवार, दुसऱ्यावर ज्वाळांमधून वर येणारा निळा पक्षी. पक्ष्याचा बिल्ला ‘सीॲक’चा असं कोणीतरी सांगितलं. ही सीॲक नावाची पलटण होती का? (सातारा)

नाही, पलटण नाही. सीॲक म्हणजे साउथ ईस्ट एशिया कमांड. ब्रह्मदेश, सिलोन, सयाम (आजचं थायलंड), मलाया आणि सुमात्रा एवढ्या पट्ट्यात जपान्यांशी लढायला ब्रिटिशांनी आणि अमेरिकनांनी मिळून उभी केलेली संयुक्त कमांड, म्हणजे पायदळ, नौदल, हवाई दल तिन्ही एका माणसाच्या हाताखाली आणि तेही दोन देशांचं. तो पक्षी म्हणजे फिनिक्स. ढालीचा बिल्ला चौदाव्या आर्मीचा, जनरल स्लिमच्या सैन्याचा, आणि ही चौदावी आर्मी सीॲकच्या हाताखाली होती. त्यातल्या तलवारीचं टोक खाली आहे बघा, बिल्ल्यांवर सहसा तसं काढत नाहीत, पण ब्रह्मदेश उत्तरेकडून खाली उतरत परत घ्यायचाय हे स्लिमला माहीत होतं म्हणून ते तसंच ठेवलं. दोन्ही बिल्ले जपून ठेवा, धुवायला अजिबात टाकू नका.

आता ही कमांड काढावी का लागली. १९४२ मध्ये जपान्यांनी सहा महिन्यांत सिंगापूरपासून रंगूनपर्यंत सगळं घेतलं. त्यावेळी जावा बेटावर लेंबांग इथे जनरल वेव्हेलच्या हाताखाली अमेरिकन, ब्रिटिश, डच आणि ऑस्ट्रेलियन अशी चार देशांची पहिली संयुक्त कमांड काढली होती, ती १५ जानेवारीला सुरू झाली आणि २५ फेब्रुवारीला गुंडाळली. सांभाळायला काही उरलंच नव्हतं! त्यानंतर ब्रह्मदेशची आघाडी दिल्लीच्या लष्करी हेडक्वार्टरकडेच होती. पण दिल्लीच्या डोक्यावर आधीच ढीगभर कामं. भरती, ट्रेनिंग, रेल्वे, वायव्य सरहद्द, बेचाळीसच्या आंदोलनानंतरचा बंदोबस्त, त्यात १९४३ चा बंगालचा दुष्काळ. ब्रह्मदेशच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आराकानमधली १९४२-४३ ची चढाई पार फसली तेव्हा लंडनमध्ये चर्चिलचा धीर सुटला आणि ऑगस्ट १९४३ मध्ये क्युबेकच्या परिषदेत त्याने आणि रूझवेल्टने ठरवलं की हिंदुस्थान हा फक्त तळ राहील, तो हिंदुस्थानचा सरसेनापती ऑकिनलेक याने सांभाळायचा, आणि लढायचं काम वेगळ्या कमांडने करायचं.

त्या कमांडचा सुप्रीम कमांडर म्हणून निवडला लॉर्ड लुई माउंटबॅटन, वय ४३. नौदलातली त्याची पक्की रँक कॅप्टनची होती, ॲडमिरल ही तात्पुरती दिलेली. हाताखाली येणार होते ते सगळे वयाने आणि नोकरीने सीनियर. पुढच्या भांडणांची मुळं इथेच आहेत, ती खालच्या उत्तरात. ऑक्टोबर १९४३ मध्ये तो दिल्लीत उतरला आणि १६ नोव्हेंबरपासून सीॲकचा कारभार रीतसर सुरू झाला.

प्रश्न : एवढे मोठे जनरल एकत्र बसवले म्हणजे भांडणं झालीच असणार. अमेरिकन आणि ब्रिटिश यांचं खरंच पटत होतं का? (पुणे)

पटत नव्हतं हो. अमेरिकन अधिकारी ‘सीॲक’ या अक्षरांचा अर्थच ‘सेव्ह इंग्लंड्स एशियाटिक कॉलनीज’ असा सांगायचे, म्हणजे इंग्लंडच्या आशियातल्या वसाहती वाचवा. आणि यात नुसता टोमणा नव्हता. अमेरिकेला ब्रह्मदेशात रस होता तो चीनला रस्ता मिळावा म्हणून, चीन लढत राहिला तर लाखो जपानी सैनिक तिकडे अडकून पडतात हा त्यांचा हिशोब. ब्रिटिशांना पाहिजे होतं सिंगापूर. चर्चिलला तर ब्रह्मदेशच्या जंगलात शिरायचंच नव्हतं, त्याच्या डोक्यात सुमात्राच्या टोकावर समुद्रातून उतरायचं होतं. एका कमांडला दोन मालक आणि दोघांची तोंडं दोन दिशांना, मग हेडक्वार्टरमधल्या माणसांनी करायचं काय?

त्यात जोसेफ स्टिलवेल. हा अमेरिकन जनरल माउंटबॅटनचा डेप्युटी, म्हणजे कमांडमधला दोन नंबरचा माणूस. शिवाय चीन-ब्रह्मदेश-हिंदुस्थान भागातल्या सगळ्या अमेरिकन सैन्याचा प्रमुख, शिवाय चीनचा सर्वेसर्वा चँग कै-शेक याचा चीफ ऑफ स्टाफ, आणि शिवाय उत्तर ब्रह्मदेशात तेव्हाच्या बिहारमधल्या रामगढला तयार केलेल्या चिनी डिव्हिजन घेऊन स्वतः जंगलात लढणारा फील्ड कमांडर. एकाच लग्नात एकच माणूस वरपिता, वधूपिता, भटजी आणि आचारी असावा तसला प्रकार. बाकी सगळं ब्रिटिश पायदळ जनरल गिफर्डच्या हाताखाली होतं, पण स्टिलवेल म्हणाला मी गिफर्डच्या हाताखाली काम करणार नाही, कारण डेप्युटी सुप्रीम कमांडर म्हणून मी त्याच्या वरचा आहे. बैठकीत बरीच तणातणी झाली आणि मग त्यानेच तोडगा काढला की स्लिमच्या हाताखाली करतो, उत्तर ब्रह्मदेशातल्या कामाइंगला पोचेपर्यंत. स्लिम गिफर्डचा ज्युनियर! म्हणजे कागदावर साहेबाने आपल्या हाताखालच्याच्या हाताखालच्याचे हुकूम घ्यायचे. कुठल्याही ऑफिसात हे चार दिवस टिकलं नसतं, इथे कित्येक महिने चाललं, कारण स्लिम आणि स्टिलवेल दोघंही चिखलातून चालत जाणारी माणसं होती आणि त्यांचं एकमेकांशी जमायचं.

१७ मे १९४४ ला स्टिलवेलच्या माणसांनी उत्तर ब्रह्मदेशातल्या मिचिना गावाचा विमानतळ घेतला. कँडीला, म्हणजे सिलोनमधल्या सीॲकच्या हेडक्वार्टरला, त्याची आधी खबरच नव्हती. चर्चिलने माउंटबॅटनला विचारलं की हे अमेरिकन तिथे कसे पोचले, आणि सुप्रीम कमांडरकडे उत्तर नाही. स्टिलवेलला त्या दिवशी विमानतळापेक्षा या गोष्टीचाच आनंद जास्त झाला असावा असं त्याची डायरी वाचून वाटतं. (गाव पडायला मात्र ३ ऑगस्ट उजाडला.)

पण माझं मत विचाराल तर अमेरिकन-ब्रिटिश भांडणापेक्षा ब्रिटिशांची आपापसातली भांडणं जास्त नडली. पायदळाचा गिफर्ड, नौदलाचा सॉमरव्हिल, हवाई दलाचा पीअर्स, तिघांचंही म्हणणं असं की सुप्रीम कमांडर म्हणजे कमिटीचा चेअरमन, त्याने आमची मतं ऐकायची, मेळ घालायचा आणि लंडनला कळवायचं. माउंटबॅटनला व्हायचं होतं पॅसिफिकमधला अमेरिकन सुप्रीम कमांडर मॅकआर्थर याच्यासारखं, हुकूम देणारा. त्याने योजना आखणारे स्वतःचे वेगळे अधिकारी आणले, तिघांचे आपापले होतेच, म्हणजे एकाच मोहिमेच्या दोन दोन योजना तयार व्हायच्या आणि दोन्ही बाजू एकमेकांच्या योजनेत खोट काढत बसायच्या. शेवटी माउंटबॅटनला आपली वेगळी टोळी मोडावी लागली. वर्षभरात तिघेही गेले. गिफर्डला मे १९४४ मध्येच सांगितलं की तुला बदलतोय, पण बदली माणूस येईपर्यंत तो तिथेच काम करत होता. सॉमरव्हिल वॉशिंग्टनला गेला. पीअर्सच्या जाण्यामागे ऑकिनलेकच्या बायकोशी जुळलेलं प्रकरणही होतं. पीअर्सच्या जागी येणारा लेह-मॅलरी विमान अपघातात वाटेतच गेला. स्टिलवेललाही ऑक्टोबर १९४४ मध्ये परत बोलावलं, ते मात्र चँग कै-शेकशी फाटलं म्हणून.

प्रश्न : लढाई इंफाळला आणि हेडक्वार्टर कँडीला? ही सरळ सरळ मौज नव्हती का? तिकडे सैनिक मरत होते आणि इकडे साहेब बागेत. (नागपूर, आणि अशाच अर्थाची बरीच पत्रं)

बाग होती हे खरंय. कँडीजवळ पेरादेनियाचं बोटॅनिकल गार्डन, तीन बाजूंनी महावेली नदीचा वळसा, आत ताडांच्या रांगा आणि ऑर्किड. त्यात झावळ्यांनी शाकारलेली ऑफिसं उभी केली, टेलिफोनच्या तारा झाडांवरून नेल्या. माउंटबॅटन स्वतः राहायला कँडीतल्या किंग्ज पॅव्हिलियनमध्ये, जुन्या गव्हर्नरी बंगल्यात. स्टाफ फुगत फुगत हजारोंच्या घरात गेला, त्यात नौदलाच्या रेन्स (महिला शाखेतल्या बायका), सिग्नलवाले, टायपिस्ट, स्वयंपाकी सगळे. पुढे अमेरिकेत टीव्हीवर फ्रेंच स्वयंपाक शिकवून प्रसिद्ध झालेल्या ज्युलिया चाइल्ड तेव्हा इथेच अमेरिकन हेरखात्याच्या शाखेत गुप्त कागदपत्रांचं रजिस्टर सांभाळायच्या, त्यांचा नवराही त्यांना इथेच भेटला. ऑगस्ट १९४४ मध्ये माउंटबॅटन लंडनला गेला तेव्हा डेप्युटी म्हणून स्टिलवेलने इथला कारभार पाहिला, त्याने सुप्रीम कमांडरची काळी कॅडिलॅक बाजूला लावली आणि जीपने फिरला.

आता वेळ बघा. हेडक्वार्टर दिल्लीहून कँडीला हललं ते एप्रिल १९४४ च्या मध्यावर. ४ एप्रिलपासून कोहिमाला वेढा पडलेला, इंफाळचा रस्ता तुटलेला, १४ एप्रिलला आझाद हिंद सेनेने मणिपुरातल्या मोइरांगला तिरंगा फडकवलेला. आणि नेमकं त्याच आठवड्यात हेडक्वार्टर सामान बांधून आणखी दूर जातंय. इंफाळपासून दिल्ली साधारण सतराशे किलोमीटर, कँडी जवळजवळ चोवीसशे. नागपूरच्या वाचकांचा राग मला कळतो.

पण कँडी निवडली तेव्हाचा हिशोब वेगळा होता. सगळं ठरलं होतं ते समुद्रातून उतरायच्या बेतावर. अंदमान घ्यायचं, सुमात्रावर उतरायचं, मग मलाया. त्यासाठी आरमाराचा तळ जवळ हवा आणि तो त्रिंकोमालीला, सिलोनमध्ये. शिवाय दिल्लीच्या सेक्रेटरिएटपासून सुटका. माउंटबॅटनला वाटायचं की दिल्लीत राहिलो तर हिंदुस्थान सरकारचंच आणखी एक खातं होऊन बसू, आणि मला तरी ते पटतं.

गोची अशी झाली की तोपर्यंत समुद्रातून उतरायचा बेतच उडाला होता. नोव्हेंबर १९४३ मध्ये कैरोला रूझवेल्टने चँग कै-शेकला अंदमानच्या मोहिमेचा शब्द दिला, मग तो आणि चर्चिल तेहरानला जाऊन स्टॅलिनला भेटले, आणि परत आल्यावर डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात शब्द फिरवला. सैन्य किनाऱ्यावर उतरवायच्या होड्या, लँडिंग क्राफ्ट, युरोपात हव्या होत्या. सीॲकच्या वाट्याला आलेल्या परत गेल्या. कागदावर एकामागून एक मोहिमा रद्द, आणि हेडक्वार्टर मात्र समुद्राच्या मोहिमेसाठी निवडलेल्या जागी जाऊन बसलं. म्हणून मी त्याला मौज म्हणणार नाही, वरून आलेल्या शब्दावर विसंबून घेतलेला निर्णय म्हणेन, जो शब्द फिरल्यावर बदलायची हिंमत कोणी केली नाही. तिथे राहणाऱ्यांची मौज झाली हेही खरंच, ती नाकारत नाही.

लढणारी हेडक्वार्टरं मात्र पुढेच होती हे लक्षात घ्या. स्लिम कोमिल्लाला, मग इंफाळला, मग सैन्याबरोबर ब्रह्मदेशात. पायदळाचं मोठं हेडक्वार्टर पुढे कलकत्त्याजवळ बराकपूरला आलं.

प्रश्न : मग ‘विमानं मिळवून दिली’ म्हणजे नक्की काय केलं? एक फोन केला की मिळाली विमानं? (कोल्हापूर)

हा खरा कामाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

आसामातून हिमालयावरून चीनला विमानाने माल जायचा, त्या मार्गाला ‘हंप’ म्हणायचे. तिथे अमेरिकेची भरपूर वाहतूक विमानं होती, पण ती माउंटबॅटनची नव्हती. अमेरिकेच्या सेनाप्रमुखांनी बजावून ठेवलेलं की हंपवरचं विमान वळवायचं तर आम्हाला विचारायचं. फेब्रुवारीत आराकानमध्ये सातवी डिव्हिजन वेढ्यात सापडली तेव्हा विचारून विमानं घेतली होती, तेव्हाच परत ताकीद मिळाली होती.

मार्च १९४४. जनरल मुतागुचीच्या १५ व्या जपानी आर्मीचे जवळपास ८५ हजार सैनिक चिंदविन नदी ओलांडून इंफाळ-कोहिमाकडे निघाले. याच वेळी माउंटबॅटन कुठे, तर लेडोजवळच्या अमेरिकन हॉस्पिटलमध्ये, दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून आडवा. ७ मार्चला स्टिलवेलच्या आघाडीवर स्वतः जीप चालवत होता, चाकाखालून बांबूचं कांड उडालं आणि थेट डोळ्यात. दृष्टी जाते की काय अशी परिस्थिती. पाच दिवसांनी पट्टी निघाली आणि डॉक्टर नको म्हणत असताना हा १४ मार्चला कोमिल्लाला स्लिमकडे पोचला.

स्लिम म्हणाला, इंफाळला आणखी एक डिव्हिजन पाहिजे आणि लगेच पाहिजे. ती आहे आराकानमध्ये, पाचवी इंडियन डिव्हिजन, रस्त्याने आणि रेल्वेने आणायला आठवडे जातील, विमानाने आणली तरच उपयोग. तीस डकोटा वाहतूक विमानं लागतील. परवानगीसाठी तार वॉशिंग्टनला जाणार, तिथे बैठक होणार, उत्तर येणार, तोवर जपानी इंफाळच्या बाजारात. माउंटबॅटनने तिथल्या तिथे शब्द दिला की विमानं देतो, आणि हंपवरची ‘कमांडो’ जातीची २० मोठी वाहतूक विमानं वळवायचं ठरवून वर कळवलं, थोडक्यात हे असं करतोय, नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा. नाही कोणी म्हटलं नाही.

१९ मार्चपासून पाचवी डिव्हिजन उडायला लागली. माणसं, तोफा, जीपा, खेचरं सुद्धा. लढाईत गुंतलेली एक अख्खी डिव्हिजन एका आघाडीवरून उचलून विमानाने दुसऱ्या आघाडीवर थेट लढाईत नेणं हे तोपर्यंत कोणी केलं नव्हतं. दोन ब्रिगेड इंफाळला उतरल्या आणि तिसरी, १६१ वी, दिमापूरला. ही १६१ वी ब्रिगेड म्हणजेच कोहिमाचा वेढा झेलणारी, मागच्या अंकातल्या टेनिस कोर्टाच्या लढाईत जी माणसं होती त्यातली बरीच या ब्रिगेडची. ती उतरली नसती तर कोहिमात जवळजवळ कोणी नव्हतंच.

पुढे इंफाळ वेढ्यात असताना सगळा शिधा, दारूगोळा विमानाने. त्यासाठी भूमध्य समुद्राकडून ७९ विमानं उसनी आणलेली, ती मे महिन्यात परत मागायला लागले. माउंटबॅटन अडून बसला आणि चर्चिलने त्याच्या पाठीशी उभं राहून कळवलं की जिंकायला जे लागेल त्यातलं काहीही लढाईतून जाऊ देऊ नकोस. जूनमध्ये रस्ता मोकळा झाला, जुलैत जपानी मागे फिरले, त्यांचे पन्नास हजारांच्या वर लोक मेले किंवा जायबंदी झाले, त्यात उपासमार आणि रोगराईने गेलेले प्रचंड.

मला विचाराल तर सीॲकच्या सगळ्या इतिहासात या दहा-बारा आठवड्यांइतकं मोलाचं काम दुसरं नाही. लढाई स्लिमने लढली. सुप्रीम हेडक्वार्टरने काय केलं, तर दुसऱ्याच्या मालकीची विमानं अडकवून धरली आणि वरच्यांच्या शिव्या स्वतःच्या अंगावर घेतल्या. असली कामं डिव्हिजन कमांडरला करता येत नाहीत, त्याला वॉशिंग्टनमध्ये कोण ओळखतो?

दुसरं एक काम सांगतो ज्याच्याबद्दल कोणी विचारलं नाही. आल्या आल्या माउंटबॅटनने तीन गोष्टी धरल्या, मलेरिया, मान्सून आणि सैनिकांचं मनोधैर्य. १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे न्यावे लागत होते, हा आकडा खुद्द स्लिमचा. मलेरियावरच्या मेपाक्रिनच्या गोळ्या सक्तीने सुरू झाल्या, गोळी खाल्ली की नाही यासाठी पलटणीच्या कमांडरला जबाबदार धरायला लागले, आजाऱ्यांना हिंदुस्थानात न पाठवता आघाडीच्या मागेच बरं करायला लागले. आणि पावसाळ्यात लढाई थांबवायची ही जुनी रीत बंद. सैनिकांसाठी ‘सीॲक’ याच नावाचं रोजचं वर्तमानपत्र जानेवारी १९४४ पासून कलकत्त्यात छापायला लागले, फ्रँक ओवेन त्याचा संपादक.

प्रश्न : रंगून समुद्रातूनच घेतलं ना शेवटी? (ठाणे)

हो, मे १९४५ मध्ये, पण तोपर्यंत स्लिम मंडाले (२० मार्च) आणि मैक्तिला घेऊन उत्तरेकडून जवळजवळ पोचलाच होता. जपानी आधीच शहर सोडून गेले होते. रंगूनच्या जेलमधल्या युद्धकैद्यांनी छपरावर मोठ्या अक्षरात ‘जपानी गेले’ असं रंगवून ठेवलेलं विमानातून दिसलं, एक विंग कमांडर तर २ मे ला विमान उतरवून चालत जेलपर्यंत जाऊन आला. आणि एवढा पराक्रम केल्यावर स्लिमला बक्षीस काय, तर त्याचा वरिष्ठ लीस याने त्याला चौदाव्या आर्मीवरून हलवायचं काढलं! सैन्यात एवढा गदारोळ झाला की शेवटी लीसच गेला आणि त्याच्या जागी स्लिम आला.

प्रश्न : युद्ध संपल्यावर सीॲक लगेच बंद झाली का? जावामध्ये मराठा पलटणी इंडोनेशियाच्या लोकांवर गोळ्या झाडत होत्या असं वाचलं, हे खरं आहे? (बेळगाव)

खरं आहे, आणि आपल्याकडे याबद्दल फार कमी बोललं जातं.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आलं त्याच वेळी सीॲकची हद्द एकदम वाढवली. जावा आणि बाकीची डच बेटं, व्हिएतनामचा १६ अक्षांशाखालचा भाग, सगळं माउंटबॅटनच्या गळ्यात. साधारण १५ लाख चौरस मैल आणि १२ कोटींवर लोक. त्यात जपानी सैन्याची शस्त्रं काढून घ्यायची, त्यांना घरी पाठवायचं, छावण्यांमधून लाखाच्या वर कैदी सोडवायचे. जहाजं मोजकी. त्यात मॅकआर्थरने हुकूम काढला की टोकियोत माझ्यासमोर सह्या होईपर्यंत बाकी कोणी शरणागती घ्यायची नाही आणि कुठे उतरायचंही नाही. त्या थांबण्यात छावण्यांमधले आजारी कैदी मेले, हे माझ्या दृष्टीने त्या हुकमाचं सगळ्यात वाईट फळ. सिंगापूरची शरणागती १२ सप्टेंबरला झाली, म्युनिसिपल बिल्डिंगमध्ये, जपानच्या बाजूने जनरल इतागाकीने सही केली. त्याचा वरिष्ठ तेराउची आजारी होता, त्याच्या तलवारी माउंटबॅटनने ३० नोव्हेंबरला सायगावला जाऊन घेतल्या.

जावात मात्र तोवर इंडोनेशियाचे पुढारी सुकार्नो यांनी १७ ऑगस्टलाच स्वातंत्र्य जाहीर केलेलं. डच परत यायला बघत होते, त्यांच्याकडे सैन्य नव्हतं, म्हणून तिथे उतरल्या त्या हिंदुस्थानी डिव्हिजन. सुराबायाला २५ ऑक्टोबरला ४९ वी ब्रिगेड उतरली, ब्रिगेडियर मॅलबी कमांडर, आणि ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी. यातली ४ मराठा दीड वर्षापूर्वी मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना अडवत होती, तीच. मॅलबीने स्थानिक पुढाऱ्यांशी समझोता केला की तुमची शस्त्रं तुमच्याकडे, आम्ही फक्त कैदी सोडवतो. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बटाव्हियाहून (आजचं जकार्ता) आलेल्या विमानातून शहरावर पत्रकं पडली, शस्त्रं खाली ठेवा नाहीतर गोळी घालू, खाली मॅलबीच्या वरिष्ठाचं नाव. मॅलबीलाच पत्ता नाही! लोकांना वाटलं या माणसाने दगा दिला. २८ तारखेला विखुरलेल्या तुकड्यांवर चहूबाजूंनी हल्ला झाला, पलटणींची फार हानी झाली, सुकार्नोंना बोलावून युद्धबंदी केली, आणि ३० ऑक्टोबरला इंटरनॅशिओ नावाच्या बिल्डिंगसमोर, जिथे मराठ्यांची एक कंपनी अडकली होती, गर्दीत मॅलबी मारला गेला. मग १० नोव्हेंबरपासून पाचवी इंडियन डिव्हिजन, हो तीच विमानाने इंफाळला आलेली, रणगाडे आणि आरमारी तोफांसह सुराबायावर गेली आणि तीन आठवडे शहर लढत होतं. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा वीरांचा दिवस म्हणून पाळतात.

सायगावमध्येही तसंच, जनरल ग्रेसी विसावी इंडियन डिव्हिजन घेऊन गेला आणि व्हिएतनामच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या व्हिएत मिन्हविरुद्ध त्याने जपान्यांच्याच हातात परत बंदुका दिल्या. नेहरूंनी यावर कडाडून टीका केली होती की आमचे सैनिक दुसऱ्यांचं स्वातंत्र्य दाबायला का वापरता. माउंटबॅटनने स्वतः डचांना आणि फ्रेंचांना स्थानिक पुढाऱ्यांशी बोला म्हणून सांगितलं हे नोंदवायला हवं, ब्रह्मदेशात तर तिथला पुढारी आँग सान याच्याशी त्याने कँडीतच सप्टेंबर १९४५ मध्ये करार केला. पण सुराबायातल्या माणसाला त्याचा काय उपयोग. मार्च १९४६ मध्ये नेहरू सिंगापूरला गेले तेव्हा माउंटबॅटनने त्यांना आपल्या गाडीत बसवून मिरवलं, दोघांची ओळख तिथली. हेडक्वार्टर तोवर कँडीहून सिंगापूरला आलेलं होतं, आणि ३० नोव्हेंबर १९४६ ला सीॲक बंद झाली.

प्रश्न : यात कोणी मराठी अधिकारी होते का? (सांगली)

हेडक्वार्टरमध्ये वरच्या जागा सगळ्या गोऱ्यांच्या. लढाईत मात्र शंकरराव थोरात, पुढे लेफ्टनंट जनरल झाले ते. जानेवारी १९४५ मध्ये आराकानमधल्या कांगावला ५१ व्या ब्रिगेडच्या तिन्ही बटालियनचे कमांडर हिंदी होते, थोरात, थिमय्या आणि सेन, तिघांनाही डीएसओ हे लष्करी पदक मिळालं.

प्रश्न : रेडिओ सिलोनचा आणि माउंटबॅटनचा काही संबंध आहे असं वडील म्हणतात. गंमत करतायत का? (डोंबिवली)

वडील बरोबर बोलतायत. सैनिकांच्या करमणुकीसाठी या कमांडने सिलोनमध्ये ‘रेडिओ सीॲक’ सुरू केला, त्यासाठी आणलेला शॉर्टवेव्हचा ट्रान्समीटर १०० किलोवॅटचा, युद्ध संपल्यावर बसवून झालेला, आणि एवढा ताकदवान की अख्खा हिंदुस्थान त्याच्या टप्प्यात. १९४९ मध्ये ते स्टेशन सिलोन सरकारकडे आलं आणि रेडिओ सिलोनच्या कामी लागलं. पुढे १९५२ मध्ये माहिती खात्याचे मंत्री बाळकृष्ण केसकर, आपलेच पुण्याचे, यांनी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली, तेव्हा सगळा देश त्या ट्रान्समीटरकडे वळला आणि दर बुधवारी अमीन सयानी ऐकायला लागला.